न चाळलेलं पीठ

२ नोव्हेंबर, रविवार

आधी आली ती शांतम्मा. बाकीची मंडळी खाली गाडी लावायला जागा शोधत होती, तवर ही जिना चढून दारात. हातात पेढ्याचा पुडा, कपाळाला इबूत, आन नजर माझ्या खांद्यावरनं थेट स्वयंपाकघरात. मी मनात म्हटलं, बाई हुशार हाय, पोरगी बघायच्या आधी ओटा बघती. मागनं तिचा नवरा बसप्पा — अक्कलकोटाकडचे, शेती बरी हाय — आन नवरामुलगा सोमेश. हितंच सोलापुरात बँकेत हाय. उंच हाय. जरा लाजतो. लाजू दे.

सृष्टीला सांगितलं होतं, खाली बघून चाल. नात माझी, ऐकती व्हय? सरळ समोर बघत चहा घेऊन आली आन सोमेशला म्हणली, "साखर चालती का, का दात दुखतात?" त्याला हसू आवरंना. बसप्पा म्हणला, "अव्वा, पोरगी तुमच्यावर गेली." मला काय, आभाळ ठेंगणं.

पण आजची खरी मजा पुढंच हाय. बसप्पा महेश्वरला — माझा लेक, सृष्टीचा बाप, नव्या पेठेत परकर-पोलक्याचं दुकान हाय त्याचं — त्याला म्हणतो, "अण्णा, मागं दुकानात बघितलं तवा ह्ये एवढं पोट होतं की. कुटं ठेवून आलात?" महेश्वर नुसता हसला. मी कशाला गप बसती. म्हटलं, "माझ्या भाकरीनं गेलं ते." आन कडक भाकरीचा डबाच पुढं ठेवला. बसप्पानं मोडली, कडाकडा चावली. "अव्वा, ह्यात कोंडा हाय." म्हटलं, "हाय. मुद्दाम ठेवलाय." शांतम्मानं दोन भाकरी बांधून नेल्या.

महेश्वर मात्र मधेच दोनदा उठून आत गेला. पाहुणे बसलेत आन हा संडासात. मी डोळे वटारले. परत आला तवा कपाळ ओलं होतं. सूनबाई — धनलक्ष्मी — पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडं नुसती बघत राहिली.

ईचार करून कळवतो म्हणले. पसंतच हाय. मला कळतं.

३ नोव्हेंबर

गुडघे आखडलेत. पेढे खव्याचे होते.

९ नोव्हेंबर, रविवार

दसऱ्यापासनं ह्या घरात भाकरी परत आली, ते लिहून ठेवते. आधी काय होतं? सकाळी पाव नायतर खारी. रातीला चपाती — धनलक्ष्मी शाळेत शिकवती, दमून येती, तिला कशाला बोलू. महेश्वर डबा न्यायचा आन तसाच परत आणायचा, शर्टावर वड्याच्या तेलाचा डाग. "गिऱ्हाईक होतं, अव्वा, जेवायला सवडच न्हाय." वड्याला सवड मिळायची. वीस-बावीस वर्सं ह्येच चाललं.

सृष्टी कॉलेजात खाण्यापिण्याचंच शिकती. आमच्या टायमाला त्याला शाळा लागत नव्हती. दसऱ्याच्या आधी एकदा आली आन चप्पल काढायच्या आधीच सुरू — "आजी, आज मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं शिकवलं. कोंड्यासकट धान्य, उसळी, पाला खाणाऱ्यांना तो कमी होतो. ह्याला फायबर म्हणतात. मैद्यात ते नसतंच." मंग माझा गाल ओढून म्हणली, "तुझी भाकरी म्हणजे औषध आहे बघ." ह्या वयात मला कुणी औषधाची बाई केलं!

दुसऱ्या दिवशी मालदांडी ज्वारी घेऊन येडूच्या गिरणीत गेले. तो इचारतो, "अव्वा, बारीक का जाड?" म्हटलं, "जाड. आन आता घरी चाळायचंबी न्हाय." "दातं हायत का तुमाला?" म्हटलं, "मला न्हाईत, माझ्या ल्योकाला हायत. तू दळ." गिरणीतल्या बाया हसून हसून दमल्या. एकीनं तवाच आपलं पीठ जाड करून घेतलं.

तवापासनं भाकरी माझ्या हातची. धनलक्ष्मी म्हणली, अत्ती, खांदे दुखतील. म्हटलं, दुखू दे. हे गेल्यापासनं माझ्या हाताला कामच नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

महेश्वरनं आज पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. जुनी प्यांट घातली तर कमरेला चुण्या. किती छान. मी मीठ-मिरची उतरून दृष्ट काढली. शांतम्माची लागली असंल, लई बघत होती.

एक लिहायचं न्हाय म्हणत होते. पण हितं कोण बघतंय. सकाळी त्याच्या मागनं संडासात गेले, तर भांड्यात रगत. काळपट लाल. बाहेर आल्यावर हळूच इचारलं. म्हणला, "मूळव्याध हाय अव्वा. मेडिकलातनं मलम आणलंय. शेंगाचटणी जास्त झाली असंल." कवापासनं म्हटलं तर म्हणला, झाले की थोडे दिवस. "सृष्टीला बोलू नको. तिचं ठरतंय, उगं तिचं डोकं फिरायला नको."

चटणी बंद केली. ताक सुरू केलं. चेहरा पांढुरका दिसतो त्याचा. दुकानात ऊन कुटं लागतंय म्हणा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

होकार आला! शेजारी साखर वाटली, खालच्या मजल्यावर वाटली, दूधवाल्याला बी दिली. लग्न वैशाखात. त्याच्या आधी येळ अमावसेला सगळ्यांनी आमच्या शेतात जेवायला या, म्हणून बसप्पाचा फोन. किती वर्सांनी मी येळ अमावसेला रानात जाणार! माहेरी असताना आमी पोरी कडब्याच्या खोपीत बसून भज्जी खायचो, पोटाला तड लागूस्तवर.

रातीला ओट्याशी धनलक्ष्मी म्हणली, "अत्ती, ह्यांना एकदा दवाखान्यात दाखवू. पोटात कळ मारती. घास बी कमी झालाय."

मी म्हटलं, दाखवू की. पण आत्ता न्हाय. त्या मोठ्या दवाखान्यात अक्कलकोटाकडची अर्धी माणसं बसलेली असतात. कुणी बघितलं, आन बसप्पाला सांगितलं, पोरीच्या बापाला काय रोग हाय म्हणून, तर? अमावस होऊ दे. बोलणी पक्की होऊ दे. मंग खुशाल जा. आन मूळव्याधीला कुणी मेलंय व्हय? आपल्यात पोटाचं दुखणं न्हाय कुणाला. भाकरीची माणसं आपण.

महेश्वर दारात उभा राहून ऐकत होता. म्हणला, "अव्वा बरोबर बोलती."

तव्यावरची चपाती जळून काळी झाली तरी धनलक्ष्मीनं उलटली न्हाय.

८ डिसेंबर, सोमवार

पोट फुगल्यागत दिसतंय. धड होत न्हाय म्हणतो, आन झालं तर पाणी. गॅस म्हणतो. मला वाटलं कोंडा कमी पडतोय. म्हणून पिठात वरनं मूठभर गव्हाचा कोंडा घातला, भाजीला मेथी, संध्याकाळी इसबगोल. सृष्टी म्हणली, "बाबा, फायबर वाढवलं की पाणी पण जास्त प्यायचं," आन बाटली भरून त्याच्या पिशवीत ठेवली. बापाची काळजी किती. रगताचं तिला ठाऊक न्हाय.

जेवताना मी समोर बसते. त्याशिवाय खात न्हाय तो. "अव्वा, साकु." पुरे म्हणतो. मी म्हणते, चतकोर अजून. खातो बिचारा. ल्हानपणीबी असाच, मी समोर असले की ताट पुसून उठायचा.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळ अमावस.

लई दमले, पण लिहिल्याशिवाय झोप यायची न्हाय.

बसप्पाचं रान कसं हिरवंगार. ज्वारी पोटऱ्यात आलीय. मधोमध कडब्याची खोप, आत पांडव मांडलेले, चुना लावलेले पाच दगड, त्यावर शाल. शांतम्मानं पूजा माझ्या हातनं करवून घेतली. "अव्वा मोठ्या हायत," म्हणली. ज्वारीवर आंबील शिंपडली. सोमेश आन सृष्टी बांधावरनं पुढं चालत गेले, आमी सगळ्यांनी बघून न बघितल्यागत केलं.

आन भज्जी! तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, चुका, मेथी, हरभऱ्याचा पाला, गाजरं, बोरंसुदीक. ताक-बेसनात शिजलेली. बाजरीचे उंडे. शांतम्मा वाढायला बसली म्हंजे कुणाचं ऐकत न्हाय. महेश्वरनं ताटावर हात धरला. ती म्हणली, "काय अण्णा, व्याह्याच्या घरचं गोड लागंना व्हय?" मी बी म्हणले, "वाढ गं, त्याला कोंडापाला चांगला असतो." त्यानं माझ्याकडं बघितलं. मंग हात काढला. सगळं खाल्लं त्यानं. वरनं गव्हाची खीर, हुग्गी, ती बी खाल्ली.

नंतर आंब्याखाली आडवा झाला तो उठंना. बसप्पा म्हणला, जड झालं असंल, पडू दे. मी जवळ गेले तर गुडघे पोटाशी घेतलेले आन दात दाबलेले. "अव्वा, त्यांना कळू दिऊ नको," एवढंच म्हणला.

निघताना तो हसत हसत सगळ्यांच्या पाया पडला. गाडीत बसल्यावर धनलक्ष्मीच्या मांडीवर डोकं टाकलं.

२० डिसेंबर

हिरवं ओकला. पोट नगाऱ्यागत ताठ. दवाखान्यात नेलं. मोठ्या दवाखान्यातच.

२२ डिसेंबर, सोमवार

कापलं त्याला. आतडं बंद झालं होतं. आत गाठ. ती काढली. पोटाला बाहेरनं पिशवी लावलीय, त्यातनंच आता शी होणार.

डॉक्टर तरुण हाय, आवाज चढवत न्हाय. आमा तिघींना खोलीत बसवून इचारलं, "रक्त कधीपासून जात होतं?" मी म्हणणार होते, महिनाभर. त्याच्या आधी धनलक्ष्मी बोलली, "गेल्या गड्ड्याच्या जत्रेपासून." म्हंजे संक्रांतीपासनं. वरीस होत आलं. मला ठाऊक नव्हतं. सृष्टीला तर कायच ठाऊक नव्हतं. तिनं आईकडं बघितलं. मंग माझ्याकडं.

मंग ती पोर हमसून हमसून रडायला लागली. "मीच दसऱ्याला सांगितलं जाड पीठ खा म्हणून. मीच म्हटलं कोंडा घाला. डॉक्टर, माझ्यामुळं झालं का हे?"

डॉक्टर म्हणले, "नाही. ही गाठ दसऱ्यानंतरची नाही, कित्येक वर्षं वाढत आली असणार. तू शिकलीस ते खरंच आहे. कोंडा, भाजी, डाळी आयुष्यभर खाणाऱ्यांना हा धोका कमी असतो. कमी, अजिबात नाही असं नव्हे. आणि एकदा गाठ झाली की मग भाकरी ती बरी करत नाही. आतडं चिंचोळं झालं होतं. त्यात तो चोथा जाऊन बसला."

मी इचारलं, "मंग वजन? पोट उतरलं ते?"

डॉक्टर म्हणले, "आजी, ते आजारानं उतरलं."

बाहेर आल्यावर बाकड्यावर बसले. लई येळ बसले. शेजारच्या बाईनं इचारलं, कोण हाय तुमचं? मला पटकन सांगताच येईना.

२३ डिसेंबर

बसप्पाचा फोन आला होता. मी धनलक्ष्मीला सांगितलं, आतड्याला पीळ पडला म्हण. तिनं म्हटलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज शुद्धीत नीट बोलला. पिशवी बघितली त्यानं. चादर वर ओढली, मंग परत खाली केली आन मला म्हणला, "बरं झालं अव्वा. आता पाहुणे आले तरी उठून जायला नको." मी हसले. हसायला पाहिजेच होतं.

नर्सनं कागदावर लिहून दिलंय. मऊ भात, दही, उकडलेला बटाटा. भाकरी न्हाय, पाला न्हाय, शेंगा न्हाय. सध्या कोंडा म्हंजे त्याला इख.

३० डिसेंबर, मंगळवार

घरी आणलं. जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबला. खांद्याची हाडं सदऱ्यातनं वर आलीत. कवा आली? मी रोज समोर बसून जेवू घालत होते की.

पिशवी धनलक्ष्मी बदलती. नाक मुरडत न्हाय, तोंड फिरवत न्हाय. मी एकदा पुढं झाले तर म्हणली, "राहू द्या अत्ती." रागानं म्हणली न्हाय. तेच जास्त लागलं.

३१ डिसेंबर, बुधवार

सोमेश एकटाच येऊन गेला. महेश्वरपाशी बसला, क्रिकेटचं बोलला, संत्री ठेवून गेला. तो गेल्यावर सृष्टी म्हणली, "आजी, मी त्याला सगळं सांगितलंय. कॅन्सर, पिशवी, सगळं. घरी सांग म्हटलंय."

माझा तोल गेला. म्हटलं, अगं डोकं फिरलं व्हय तुझं? मोडतील की ते! तुझ्या बापानं वरीसभर तोंड दाबून सोसलं ते कशापायी? तुझं लग्न व्हावं म्हणूनच ना?

ती शांतपणे म्हणली, "आणि काय झालं त्यानं?"

मी उठले. आत जाऊन भात टाकला. पाणी जास्त झालं, पार लापशी झाली. त्याला तसाच लागतो आता.

२ जानेवारी, शुक्रवार

गाठीचा रिपोर्ट घ्यायला गेलो. मशीनमध्ये घालून फोटो काढले होते त्याचा बी. डॉक्टर म्हणले, आजींना बाहेर उन्हात बसवा, आत एसी आहे. चांगला मुलगा. मी बाहेर बसले. सोमेशनं दिलेलं संत्र होतं पिशवीत, ते सोललं. उन्हानं पाठ शेकली, डोळा लागला जरासा.

धनलक्ष्मी आन सृष्टी बाहेर आल्या तवा दोघींची तोंडं धुतलेली. पदर ओला. म्हणल्या, गाठ पूर्ण निघाली, आता नुसती औषधं चालू राहतील. म्हटलं, देवा सिद्धरामा, पावलास. रिक्षात मीच एकटी बोलत होते.

घरी आल्यावर महेश्वरला सांगितलं, निघाली रे गाठ. तो म्हणला, "व्हय अव्वा."

अक्कलकोटचा फोन न्हाय अजून. सोमेशनं सांगितलं असणार. मोडलं असं समजून चालते. सृष्टीपुढं तोंड बरं ठेवते.

५ जानेवारी, सोमवार

बसप्पा आन शांतम्मा आले. न कळवता. मला वाटलं नकार सांगायला आले. शांतम्मा आज स्वयंपाकघराकडं बघतच न्हाय, सरळ महेश्वरच्या खाटेपाशी जाऊन जमिनीवर बसली.

बसप्पा म्हणला, लग्न वैशाखात नको. ह्याच गुरुवारी करू. हितंच, घरात. आमची पाच माणसं, लग्न लावायला एक स्वामी, बास.

मी म्हटलं, अहो, पौष हाय. पौषात कोण लग्न करतं?

शांतम्मा म्हणली, "शिवशरणांना सगळे दिवस सारखेच, अव्वा. महेश्वरण्णा उठून बसू शकतात, तवर होऊ दे." बसप्पानं तिच्याकडं बघितलं. ती गप झाली. सृष्टी, धनलक्ष्मी, महेश्वर. तिघांपैकी एकानं बी माझ्याकडं बघितलं न्हाय.

मंग मी इचारलं न्हाय. चहा केला.

गुरुवारी सकाळी येतो म्हणून गेले.